बार्शी, रिओ आणि मधले आठवडे

६ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिंपिकमधला टेनिसचा पहिला दिवस. महिला दुहेरीच्या पहिल्याच फेरीत भारताची जोडी चीनच्या जोडीकडून हरली. स्कोअर ६-७, ७-५, ५-७. सामना चालला दोन तास चव्वेचाळीस मिनिटं. भारताच्या बाजूने एक होती सानिया मिर्झा, तेव्हा दुहेरीत जगात पहिल्या नंबरवर. आणि दुसरी प्रार्थना ठोंबरे. वय बावीस, गाव बार्शी, जिल्हा सोलापूर.

प्रार्थना ठोंबरे म्हटलं की बहुतेकांना एवढंच आठवतं. म्हणजे आठवत असेल तर! "ती नाही का, सानियाबरोबर ऑलिंपिक खेळली ती आपल्याकडची मुलगी." पुढे काय झालं विचारलं की "काही नाही, हरली" असं उत्तर येतं आणि गाडी क्रिकेटवर जाते.

आता गंमत बघा. ती हरली २०१६ साली, आणि २०२५ साली पुण्यात भारताच्या संघातून खेळत होती. मधे नऊ वर्षं गेली. रिओच्या आधीची धरली तर एकूण पंधरा वर्षं भरतात. या पंधरा वर्षांत तिने नेमकं काय केलं, हा मला त्या पावणेतीन तासांपेक्षा जास्त मोठा प्रश्न वाटतो. कारण व्यावसायिक टेनिस नावाचा धंदा कसा चालतो ते या मधल्या वर्षांतच दिसतं. टीव्हीवर दिसतं ते फक्त त्याचं टोक.

आधी भूगोल. मी माळशिरसचा. सोलापूर जिल्ह्याच्या नकाशात आम्ही पश्चिमेच्या टोकाला, बार्शी पार ईशान्येला. मधे पंढरपूर, माढा, कुर्डुवाडी. आमच्याकडे नीरेचा कालवा, ऊस आणि आषाढीला माउलींच्या पालखीचा मुक्काम. बार्शी म्हणजे बाजारपेठ, भगवंताचं देऊळ, एकेकाळच्या गिरण्या आणि नॅरोगेजची बार्शी लाइट रेल्वे. 'बार्शी तिथे सरशी' ही म्हण लहानपणापासून ऐकलेली. पण दोन्हीकडे खेळ म्हटला की कुस्ती, कबड्डी, खोखो, व्हॉलीबॉल. टेनिस म्हणजे पेपरात शेवटून दुसऱ्या पानावर येणारी, विम्बल्डनच्या दिवसांतली बातमी.

असं का, याचं साधं कारण आहे. कुस्तीला माती लागते आणि समोर एक पैलवान लागतो. दोन्ही आमच्या तालुक्यात मुबलक. टेनिसला कोर्ट लागतं, ते एकदा खर्च करून बांधता येतं. पण समोरचा खेळाडू बांधता येत नाही. आपल्यापेक्षा थोडा बरा प्रतिस्पर्धी रोज मिळाला नाही तर खेळ एका जागी अडकतो, आणि तो प्रतिस्पर्धी पुण्यात, मुंबईत नाहीतर हैदराबादेत असतो. म्हणजे या खेळात पहिला खर्च रॅकेटचा असला तरी खरा खर्च प्रवासाचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

थोडं मागे जाऊ. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला आपल्या मुंबईची होती, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लीला राव. साल १९३४. पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल या इंग्लिश बाईंविरुद्ध पहिला सेट हरून त्या सामना जिंकल्या. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इदा आदामॉफकडून हरल्या. वडील मुंबईतले नामांकित डॉक्टर. आई पंडिता क्षमा राव, संस्कृत कवयित्री आणि स्वतः चांगल्या टेनिसपटू. क्षमाबाईंचे वडील म्हणजे शंकर पांडुरंग पंडित. १८६९ मध्ये मुंबई सरकारच्या मदतीने तुकोबांची गाथा छापली गेली, तिच्या संपादनाशी जोडलेलं हे नाव. (पालखीच्या वाटेवरचा माणूस असल्याने मला हे सांगितल्यावाचून राहवत नाही!)

लीला राव खेळल्या तो जमाना हौशी टेनिसचा. बक्षिसाचे पैसे घेणं नियमातच बसत नव्हतं. विम्बल्डनला बोटीने जायचं, तिथे महिनोन् महिने राहायचं, सराव करायचा, आणि जिंकलात तरी हाती चषक. मग खेळणार कोण? ज्यांच्या घरी हे सगळं परवडतं तेच. यात लीला रावांचं कर्तृत्व कमी होत नाही, उलट त्या काळात साडी-पदराच्या चर्चेतून वाट काढत एखादी भारतीय बाई तिथवर पोचली हेच विशेष. पण दरवाजावर पाटी नसली तरी आत कोण येऊ शकतं ते ठरलेलं होतं. बार्शीची किंवा माळशिरसची मुलगी त्यात नव्हती.

१९६८ साली टेनिस 'खुलं' झालं. हौशी आणि व्यावसायिक एकत्र खेळू लागले, बक्षिसाची रक्कम उघडपणे मिळू लागली. पण बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी कमी. म्हणून १९७० मध्ये बिली जीन किंगसह नऊ जणींनी ह्यूस्टनला एकेका डॉलरचा करार करून आपली वेगळी स्पर्धा खेळली. १९७३ मध्ये त्यातूनच डब्ल्यूटीए ही महिला टेनिसपटूंची संघटना उभी राहिली. त्याच वर्षी यूएस ओपनने स्त्री-पुरुषांना सारखं बक्षीस दिलं. विम्बल्डनला ते करायला २००७ उजाडलं.

आपल्याकडे त्या काळात मुंबईच्या निरुपमा मांकड होत्या. सात वेळा राष्ट्रीय विजेत्या, १९७१ मध्ये आनंद अमृतराजबरोबर विम्बल्डनच्या मिश्र दुहेरीत खेळल्या, पुढे अर्जुन पुरस्कार. पण वर्षभर जगभर फिरून फक्त टेनिसवर पोट भरायचं, ही गोष्ट भारतीय मुलीसाठी तेव्हाही कल्पनेतच होती. कोइमतूरच्या निरुपमा वैद्यनाथनने १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या एकेरीत पहिली फेरी जिंकली, तेव्हा टेनिस खुलं झाल्यापासून ग्रँड स्लॅम एकेरीत जिंकलेली ती पहिली भारतीय महिला ठरली. टेनिस खुलं होऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती. आणि मग सानिया. २००५ मध्ये हैदराबादची डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकली, २००७ मध्ये एकेरीत जगात सत्ताविसावी झाली, आणि एकदम सगळ्या देशाला कळलं की हेही करिअर असू शकतं. प्रार्थना तेव्हा अकरा-तेरा वर्षांची होती. (जन्म १८ जून १९९४.)

आता मुख्य मुद्दा. करिअर असू शकतं म्हणजे नक्की काय?

टेनिसमध्ये नोकरी नाही, पगार नाही, करारबद्ध संघ नाही. असतं ते फक्त रँकिंग. गेल्या ५२ आठवड्यांत तुम्ही मिळवलेले गुण, त्यातल्या ठरावीक सर्वोत्तम स्पर्धांचे, एवढाच तुमचा बायोडेटा. आमच्या भाषेत सांगायचं तर ही स्लायडिंग विंडो आहे. दर सोमवारी एक आठवडा आत येतो आणि मागच्या वर्षीचा एक आठवडा बाहेर पडतो. मागच्या वर्षी याच आठवड्यात तुम्ही स्पर्धा जिंकली असेल तर ते गुण आता गळून पडणार, तेवढेच पुन्हा कमवा नाहीतर खाली या. दोन महिने पाय दुखावला की वर्षभराची मेहनत हळूहळू खात्यातून कमी व्हायला लागते. सुटी घ्यायची तरी हिशोब करून.

आणि हे गुण मिळतात कुठे? सगळ्यात खालच्या पायरीवर आयटीएफच्या स्पर्धा. प्रार्थना या शिडीवर चढायला लागली तेव्हा सर्वात छोटी स्पर्धा एकूण १०,००० डॉलर बक्षिसाची असायची. ऐकायला बरं वाटतं ना? पण हे दहा हजार सगळ्यांत वाटले जातात. महिला एकेरी जिंकणारीला १,५६८ डॉलर. दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला ६३७. दोघींत मिळून! म्हणजे एकीला साधारण ३१८ डॉलर, तेव्हाच्या भावाने एकोणीस हजार रुपये, आणि त्यातून करही कापला जातो. हे जिंकणारीचं झालं. एकेरीत पहिल्या फेरीत हरणारीच्या हातात शंभर डॉलरच्या आसपास. पुढे सर्वात छोटी स्पर्धा १५,००० डॉलरची झाली, तेव्हा दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला ९५५ मिळू लागले. आठवडाभराचं हॉटेल, जेवण, विमान किंवा रेल्वेचं तिकीट, रॅकेटच्या तारा, सगळं स्वतःच्या खिशातून.

आयटीएफने स्वतःच २०१३ सालचा हिशोब मांडला होता. त्या वर्षी जगभरात ४,८६२ महिला व्यावसायिक स्पर्धांत खेळल्या. त्यातल्या २,२१२ जणींना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नाही. वर्षभर खेळण्याचा सरासरी खर्च ४०,१८० डॉलर, म्हणजे तेव्हाचे तेवीस-चोवीस लाख रुपये, आणि यात कोचचा खर्च धरलेलाच नाही. जमा आणि खर्च बरोबरीला यायला महिला एकेरीत साधारण २५३ वा क्रमांक लागत होता. पुन्हा वाचा: जगात अडीचशेवी असाल तर तुम्ही ना नफा ना तोटा. कुठल्याही दुसऱ्या धंद्यात जगातली अडीचशेवी व्यक्ती गर्भश्रीमंत असते.

यात भारतीय मुलींसाठी आणखी एक अडचण झाली, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. २००३ ते २००८ या काळात डब्ल्यूटीएच्या मुख्य स्पर्धा भारतात होत होत्या. आधी हैदराबाद, मग कोलकाता, बंगळूर. २००८ मध्ये बंगळूरला सेरेना विल्यम्स जिंकून गेली. त्यानंतर त्या दर्जाची स्पर्धा भारतात आली ती थेट २०२२ मध्ये, चेन्नईला. मधे पुणे आणि मुंबईत एक पायरी खालच्या स्पर्धा झाल्या, नाही असं नाही. पण ही चौदा वर्षं म्हणजे प्रार्थनाच्या वयाच्या मुलींची उमेदीची वर्षं. सानियाला हैदराबादेत, घरच्या प्रेक्षकांसमोर, वाइल्डकार्ड घेऊन मोठ्या खेळाडूंशी खेळता आलं. नंतरच्यांना त्याच पायरीसाठी परदेशाचं तिकीट काढावं लागलं. पहिला खर्च रॅकेटचा, खरा खर्च प्रवासाचा, म्हटलं होतं ना!

प्रार्थना एकेरीत जगात चारशेच्या आत आली, पण तीनशेच्या पुढेच राहिली. म्हणजे वरच्या हिशोबाने नफा-तोट्याच्या रेषेच्या पलीकडे. इथे बहुतेक करिअर संपतात. शिक्षण पूर्ण करायचं, कोचिंग सुरू करायचं. यात कमीपणा काही नाही. तिने दुसरी वाट धरली: दुहेरी.

दुहेरी म्हणजे एकेरी न जमलेल्यांची सोय, असा आपल्याकडे एक समज आहे. तो अर्धवट आहे. दुहेरी हा वेगळा खेळ आहे. निम्मं कोर्ट आपलं असतं, पण नेटवरचे निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यावे लागतात, सर्व्हिसपेक्षा रिटर्नला आणि व्हॉलीला जास्त भाव असतो, आणि जोडीदारीण पुढच्या क्षणी कुठे असेल ते न बघता कळावं लागतं. शिवाय हिशोबातही फरक आहे. दुहेरीत प्रवेश दोघींच्या क्रमांकांची बेरीज करून मिळतो, त्यामुळे दीडशेच्या आसपासची खेळाडूही चांगली जोडीदारीण मिळाली तर डब्ल्यूटीएच्या स्पर्धेत शिरू शकते. खोलीचं भाडं दोघींत वाटलं जातं. शरीर कमी झिजतं, त्यामुळे करिअर लांबतं. बक्षीस कमी, पण जास्त वर्षं. आपल्याकडे याला 'थेंबे थेंबे' म्हणतात.

खुद्द सानियाने मनगटाच्या दुखापतीनंतर २०१३ मध्ये एकेरी सोडून हेच केलं, आणि १३ एप्रिल २०१५ ला ती दुहेरीत जगात पहिली झाली. प्रार्थना हैदराबादला तिच्याच अकादमीत सराव करत होती. पहिल्या क्रमांकाची खेळाडू रोज बाजूच्या कोर्टवर, यापेक्षा चांगली शाळा कुठली?

२०१४ च्या इंचॉन एशियन गेम्समध्ये दोघी एकत्र खेळल्या. उपांत्य फेरीत तैपेईच्या हसिए सू-वेई आणि चान चिन-वेई समोर. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा भारताने ६-२ जिंकला, आणि सुपर टायब्रेक ४-१० असा हरला. ब्राँझ पदक. प्रार्थना वीस वर्षांची होती.

मग रिओ. तिथला प्रवेश सानियाच्या क्रमांकामुळे होता हे खरं. पहिल्या दहातल्या दुहेरी खेळाडूला आपल्या देशाची जोडीदारीण निवडता येत होती, फक्त ती तीनशेच्या आत हवी. प्रार्थना तेव्हा दोनशेच्या आसपास होती. "नशीब" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्या तीनशेच्या आत राहण्यासाठी आधीची पाच-सहा वर्षं छोट्या गावांतल्या छोट्या स्पर्धा खेळाव्या लागल्या होत्या. तेव्हा कॅमेरे नव्हते.

समोर कोण होतं तेही बघा. २०१३ ची विम्बल्डन महिला दुहेरी जिंकली होती हसिए सू-वेई आणि पेंग शुआई या जोडीने. २०१४ मध्ये दोघीही दुहेरीत जगात पहिल्या नंबरवर जाऊन आल्या. प्रार्थना इंचॉनला यातल्या एकीसमोर उभी होती आणि रिओला झांग शुआईच्या साथीने खेळणाऱ्या दुसरीसमोर. दोन्ही वेळा सामना शेवटच्या सेटपर्यंत गेला. रिओला तिसरा सेट ५-७. बार्शीच्या मुलीने विम्बल्डन विजेत्या जोडीतल्या दोघींना दोन वेगवेगळ्या खंडांत, दोन वेगवेगळ्या वर्षी, शेवटच्या सेटपर्यंत झुंजवलं. पेपरात मात्र मथळा काय? "सानिया-प्रार्थना पहिल्याच फेरीत गारद."

आणि मग तो नंतरचा काळ, जो कुणी बघितला नाही. ऑलिंपिकमध्ये बक्षिसाची रक्कम नसते आणि रिओला रँकिंगचे गुणही नव्हते. म्हणजे आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना खेळून तिच्या त्या बायोडेटात शून्य भर पडली. पुन्हा छोट्या स्पर्धा, पुन्हा नवी जोडीदारीण, पुन्हा सोमवारचा हिशोब. तिने आयटीएफच्या वीसहून अधिक दुहेरी स्पर्धा जिंकल्या आहेत. रिओच्या वेळी दोनशेच्या आसपास असलेली खेळाडू नंतर दुहेरीत पहिल्या दीडशेत पोचली. थोडक्यात काय, टीव्हीवरून दिसेनाशी झाल्यावर ती अधिक चांगली खेळाडू झाली. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला बिली जीन किंग कपची आशिया-ओशनिया गटाची स्पर्धा झाली, त्यात भारत दुसरा येऊन प्लेऑफमध्ये गेला. त्या संघात अंकिता रैनाबरोबर दुहेरी खेळायला प्रार्थना होती. तीस पूर्ण झालेली.

ही एकच वाट आहे असं नाही. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत खेळली. तिकडे कॉलेजच खेळाडूचा खर्च उचलतं, म्हणजे टेनिस नाही जमलं तरी पदवी हातात. ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझाऊ एशियन गेम्समध्ये रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचं सोनं आणलं, तेही पहिला सेट २-६ गमावून. बार्शी काय, श्रीरामपूर काय, दोन्ही तालुक्याची गावं. आणि दोघींचं पदक दुहेरीतलं. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्यांच्याकडे वर्षाला चाळीस हजार डॉलर जाळायला नसतात, त्यांना जिथे जास्त वर्षं टिकता येतं तिथेच यश मिळतं.

गावाकडे गेलो की एखादा बाप विचारतो, "पोरीला टेनिसला घालावं म्हणतोय, करिअर आहे का त्यात?" सॉफ्टवेअरवाल्यांना सगळं माहीत असतं असा एक गैरसमज आहे! माझं उत्तर हल्ली असं असतं. आहे. पण सानियाचा फोटो बघून ठरवू नका, प्रार्थनाचं कॅलेंडर बघून ठरवा. वर्षातले तीस आठवडे घराबाहेर, बहुतेक स्पर्धांत हार, जिंकलं तरी तिकिटाचे पैसे सुटतील याची खात्री नाही, आणि हे दहा-पंधरा वर्षं. एवढं वाचूनही पोरगी "हो" म्हणाली तर घाला. आणि शिक्षण सोडू देऊ नका.

दुसरं उत्तर बापासाठी नाही, आपल्या सगळ्यांसाठी आहे. मुलीची जिद्द आपण वाढवू शकत नाही, पण प्रवास कमी करू शकतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ स्पर्धा वर्षानुवर्षं होते. गेल्या काही वर्षांत सोलापूर शहरातही ती झाली आहे. माळशिरसहून सकाळची एसटी पकडली तर दुपारपर्यंत सोलापूर. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या मुलीला जागतिक रँकिंगचा पहिला गुण एसटीच्या तिकिटात मिळू शकतो. लीला रावांना त्यासाठी बोटीने समुद्र ओलांडावा लागला होता. अशा स्पर्धा बंद पडू नयेत, दर वर्षी व्हाव्यात, आणि कोर्टभोवती शंभर-दोनशे माणसं बघायला बसलेली असावीत, एवढं केलं तरी पुष्कळ. पुढच्या वेळी सोलापुरात स्पर्धा लागली तर शनिवारी जाऊन या. सहसा तिकीट नसतं, आणि दुहेरीची फायनल बहुतेक त्याच दिवशी असते.